गाडी रस्त्यावर ठेवा, ओढ्यावर चालत या

माननीय संपादक,

पाटण तालुक्यातल्या मोरणा खोऱ्यात ओढ्याला लागून आमचं रान आहे. या उन्हाळ्यात आम्ही बांधाच्या तोंडाशी मोठे धोंडे लावून गाडीवाट बंद केली, तेव्हापासून गळ टाकायला येणाऱ्या मंडळींचा आमच्यावर राग आहे. ‘ओढा काय तुमच्या मालकीचा आहे का,’ असं मला तोंडावर विचारून झालं. नाही, ओढा आमचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाले सरकारचे. पण ओढ्यापर्यंतचं रान आमच्या सातबाऱ्यावर आहे. आणि कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला, जीप घेऊन डोहावर जायला नव्हे.

शिवाय माणसाची वाट आम्ही अडवलेलीच नाही. धोंड्यांच्या मधून माणूस सहज जातो, गळ-पिशवी घेऊनही जातो. भोई समाजातली माणसं खांद्यावर जाळं टाकून याच बांधावरून येत आली आहेत, त्यांना माझ्या सासऱ्यांनी अडवलं नाही, आम्हीही अडवणार नाही. काही शेजाऱ्यांनी काटेरी तार ओढून पायवाटसुद्धा मोडली. ते मला पटलेलं नाही आणि त्यांना मी तसं सांगितलंही आहे.

धोंडे लावायची वेळ का आली, ते सांगते. काठावर करंज आणि वाळुंजाची झाडं आहेत, त्यांच्या मुळ्यांनी दरड धरून ठेवली आहे. गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची म्हणून एके ठिकाणी दरडीला उतार पाडला गेला. चाकोऱ्या ढोपराएवढ्या खोल झाल्या. मग पावसाचं पाणी त्या चाकोऱ्यांतून धावू लागलं, माती खरवडून ओढ्यात नेऊ लागलं. वाळुंजाच्या मुळ्या उघड्या पडून लोंबायला लागल्या. २०२१ च्या जुलैत आपल्या तालुक्यात अतिवृष्टी झाली, आंबेघर-मीरगावला दरडी कोसळून माणसं गेली. त्या दुःखापुढे आमचं नुकसान काहीच नाही. पण त्या पुरात झाडं होती तिथला काठ टिकला, आणि उतार पाडला होता तिथून भाताच्या खाचराचा कोपरा वाहून गेला. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे तेवढंच आहे, रान मात्र कमी झालं. आम्ही तो उतार बुजवला, तर शेजारून दुसरा पडला.

कोणी म्हणतं, तुमचे ट्रॅक्टर नाही का ओढ्यातून जात? जातात. पण ते एकाच जागी, जिथे तळाला कातळ आहे तिथून, आडवे पार होतात. या गाड्या पात्रातूनच उभ्या चालतात, डोह गाठेपर्यंत. काहीजण परतताना पाण्यातच उभी करून गाडी धुतात. ऑइलचा तवंग खालच्या पाणवठ्यापर्यंत येतो, तिथे आमची जनावरं पाणी पितात.

सगळ्यात वाईट वाटतं ते चढणीच्या दिवसांत. मृगाचा पाऊस लागला, ओढ्याला पहिलं गढूळ पाणी आलं, की नदीतले मासे उलटे वर चढतात आणि उथळ पाण्यात, गोट्यांच्या फटीत, कडेच्या गवतात अंडी घालतात. पहिला पाऊस झाला की मी मुद्दाम बघायला जाते. वीतभर पाण्यात पाठी उघड्या टाकून मासे वर सरकत असतात. नेमक्या याच उथळातून चाकं जातात, कारण गाडी बुडत नाही अशी जागा तीच. गोटे दबतात, फटी बुजतात, अंडी चिरडतात. जी वाचतात त्यांच्यावर गाळ बसतो आणि त्यांना हवा मिळत नाही. मग गळवालेच म्हणतात, पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत! समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीचा काळ म्हणूनच. आमच्या ओढ्यात त्याच दिवसांत पाण्यात गाडी घालायला कोणाचीच आडकाठी नाही.

वाळूउपशाचं दुखणं याहून मोठं आहे, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पण गाड्यांचं गावाच्या हातात आहे. गावची जुनी पाणंद थेट पाणवठ्यावर उतरते, आज ती घाणेरीने भरली आहे. ग्रामपंचायतीने ती माणसाला चालण्याजोगी साफ करावी, म्हणजे कोणाच्या रानातून जायची गरजच उरणार नाही. गाड्यांसाठी डांबरी रस्त्याकडेची गावठाणातली मोकळी जागा नेमून द्यावी. तिथून डोह चालत फार लांब नाही. कासला फुलांच्या हंगामात लोक गाडी लांब ठेवून पुढे जातातच की. आणि पात्रात वाहन घालायला बारमाही मनाई करून तसा फलक लावावा.

१ मेच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. गळ टाकायला येणारे बरेचजण आसपासच्या गावांतलेच आहेत. त्यांनी आदल्या दिवशी सकाळी पाणंदीवर यावं, वाट कुठून सोडायची आणि धोंडे कुठे लावायचे ते जागेवर उभं राहून ठरवू.

– एक शेतकरी महिला,
मोरणा खोरे, ता. पाटण, जि. सातारा