तळघरातल्या पाइपला घाम सुटतो तेव्हा भिंत फोडू नका

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात तळघरात ओल दिसली की नाशिकमध्ये पहिला सल्ला मिळतो तो वॉटरप्रूफिंगचा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर भागातल्या बंगल्यांची तळघरं आता नुसती अडगळीची राहिलेली नाहीत. तिथे ऑफिसं आहेत, क्लास चालतात, दस्तऐवज ठेवलेले असतात. प्लास्टर फोडून, केमिकल मारून पैसे जातात आणि पुढच्या जुलैत पाइपखाली पुन्हा तेच ओघळ. ते पाणी भिंतीतून आलेलंच नसतं, हवेतून पाइपवर जमलेलं असतं. खर्च करण्याआधी हा फरक ओळखता यावा, म्हणून हे पत्र.

हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, की २४.३ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरतं. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी आणि त्यातून वर जाणारी लाइन पावसाळ्यात सहज त्याखाली असते. तीच हवा ६० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली पाणी धरतं ते तापमान, १८.६ अंशांवर उतरतो आणि तोच पाइप कोरडा राहतो. आपल्याकडचा द्राक्षबागायतदार डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने हवेतला दमटपणा जसा रोज पाहतो, तसा तळघरात पाहायला हवा. साधा डिजिटल आर्द्रतामापक त्याला पुरतो.

आधी तपासणी. पाइप कोरडा पुसून प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. फक्त जोडाचा कागद भिजला तर गळती, पाइपभर सारखे थेंब आले तर घाम. भिंतीसाठी एक फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायलाच हवं. बाहेरच्या बाजूला दिसलं तर ते हवेतलं आहे.

घामावर खरा उपाय म्हणजे नायट्रायल रबराची बंद छिद्रांची, म्हणजे जिच्यातून दमट हवा आरपार जात नाही अशी, पाइपवर चढवायची नळी. एसीच्या तांब्याच्या पाइपवर असते तीच. पाण्याच्या लाइनला १३ मिलिमीटर जाडी घ्या. ९ मिलिमीटर नाशिकच्या जुलै-ऑगस्टला काठावरच पुरते. नळी घेताना सगळ्यात जास्त चूक मापात होते. ‘एक इंची पाइप’ सांगून भागत नाही, कारण एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बाहेरून सुमारे ३४ मिलिमीटर असतो आणि एक इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप सुमारे २९. पाइपभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी ३.१४ ने भागा आणि तो आकडा दुकानात सांगा. सैल नळीच्या आत हवा खेळते आणि घाम आतच साचतो.

काम कोरड्या पाइपवरच करायचं. लाइन बंद करून पाइप खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा. जीआयवर गंज असेल तर वायर ब्रशने घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. नळीला उभी चीर देऊन ती पाइपवर बसवा, चिरेच्या दोन्ही कडांना रबर सोल्यूशन लावा, हाताला चिकट पण ओलं लागणार नाही इतकं सुकल्यावर दाबून चिकटवा. दोन नळ्यांची तोंडंही अशीच चिकटवायची. नळी ताणून बसवू नका, नाहीतर काही महिन्यांत आकसून जोड उघडतो. एल्बोवर, म्हणजे पाइपच्या काटकोनी वळणावर, ४५ अंशांत कापलेले दोन तुकडे जुळवा. व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प उघडे सोडले तर सगळं पाणी तिथेच गोळा होऊन नळीखाली शिरतं. क्लॅम्प नळीच्या वरून, मध्ये रुंद पत्रा घालून घट्ट करा, पण रबर चेपेल इतका नाही.

गोणपाट, जुनी चादर किंवा उघडी ग्लासवूल मात्र गुंडाळू नका. दमट हवा त्यातून आरपार जाते, कापड आतून भिजतं आणि जीआय पाइप नजरेआड गंजत राहतो. नुसता पीव्हीसी टेपही घाम थांबवत नाही.

दुसरी बाजू हवेची. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला हिवाळ्यात उत्तम, पण पावसाच्या झडीत घातक. १५ बाय २० फुटांच्या, ९ फूट उंच तळघरातली हवा तासाला एकदा बदलली, बाहेरची आर्द्रता ८५ टक्के असली आणि आत ६० टक्के राखायची असली, तर दिवसाला सुमारे १२ लिटर पाणी बाहेर काढावं लागेल. एक्झॉस्ट फॅन चोवीस तास चालवून लोक हेच पाणी आत ओढतात. झडीत खिडक्या बंद ठेवा, उघडीप मिळाली की उघडा. आर्द्रता नव्वदीच्या वर राहिली तर चांगल्या नळीचा पृष्ठभागसुद्धा ओला होतो. म्हणून जिथे कागदपत्रं किंवा यंत्रं आहेत, तिथे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर घ्यावा, ५५ ते ६० टक्क्यांवर लावावा आणि त्याची नळी थेट ड्रेनमध्ये सोडावी. कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटापुरते ठीक, खोलीला पुरत नाहीत.

पाइपखाली विजेचा बोर्ड असेल तर तो आधी हलवा आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट आला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. यात उशीर नको.

नवीन बांधकाम करणाऱ्या वास्तुविशारदांना आणि बिल्डरांना एक विनंती. पाइप भिंतीला चिकटवून क्लॅम्प करण्याची सवय सोडा. पाइप आणि भिंत, तसंच दोन पाइप यांच्यामध्ये किमान ५० मिलिमीटर जागा ठेवा आणि स्लॅबमधली स्लीव्ह (पाइप आरपार नेण्यासाठी बसवलेली मोठी नळी) रबराच्या नळीसकट पाइप जाईल इतकी मोठी घ्या. ही जागा नंतर करता येत नाही, आणि तिच्यावाचून नळी नीट बसत नाही.

आपला,
प्लंबिंगच्या कामातला एक वाचक, नाशिक