नावं ठेवा, पण आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत टीव्ही मालिका आणि व्हिडिओ गेम यांना एकाच काठीनं झोडपणारा लेख वाचला. मालिका म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा विरंगुळा आणि गेम म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा नाद, असा एकूण सूर. अर्धं पान मजकूर, पण त्यात एका मालिकेचं नाव नाही की एका गेमचं नाही. मला दोन्हींचा शौक आहे, म्हणून हे पत्र.

आधी रिकामटेकड्या बायकांचं बघू. मी साखर पेठेत राहते, घरी शाळेचे गणवेश शिवते, नगावर पैसे मिळतात. संध्याकाळी सातनंतर टीव्ही चालू असतो आणि मशीनही. पिनोफॉरच्या, म्हणजे मुलींच्या बिनबाह्यांच्या गणवेशाच्या, प्लेट्स घालताना नजर सुईवरून हलवता येत नाही. शेजारच्या अक्का आमच्याकडंच बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हातात कातर. त्यांचीही मान खालीच. म्हणजे आम्ही मालिका बघतो कमी आणि ऐकतो जास्त. लेखकमहाशय ज्याला हसले, तो धडाड्‌धूम वाजणारा आवाज, एकच चेहरा तीनदा जवळ आणणं, सासूनं म्हटलेलं वाक्य नणंदेनं पुन्हा म्हणणं, हे सगळं आमच्या कामाचं आहे. वाजलं की आम्ही मान वर करतो, कुणाचा चेहरा उतरलाय ते पाहून घेतो आणि पुन्हा प्लेट दुमडतो. हात मोकळे ठेवून सोफ्यावर बसणाऱ्याला ते बटबटीत वाटणारच. त्याच्यासाठी ते केलेलंच नाही.

याचा अर्थ मालिकांत खोट नाही असं मी म्हणत नाही. खोट काढायची तर आमच्याएवढी कुणाला सापडणार? घरात कोट्यवधींची कंपनी असते, पण ती कंपनी नेमकं काय बनवते ते शेवटच्या भागापर्यंत कळत नाही. फक्त टेंडर येतं आणि फाईल हरवते. आमच्या सोलापुरात चादरीचा माग असला तरी सुताचा भाव सगळ्या घराला पाठ असतो. आणि त्या गरीब बिचाऱ्या नायिकेचं ब्लाऊज बघा एकदा! पाइपिंग, अस्तर, पाठीमागं लटकन. त्या ब्लाऊजची नुसती शिलाई तिच्या महिन्याच्या किराण्याएवढी होईल. दारूच्या व्यसनात बुडालेल्या बापाच्या लेकीला एवढा चांगला टेलर मिळतो कुठं, हे मला एकदा विचारायचंय.

सगळ्यात मोठा राग ताणण्याचा. टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आकडे दर गुरुवारी येतात. आकडा घसरला की थोड्याच दिवसांत नायिकेची स्मृती जाते, नाहीतर नायकाचा जुळा भाऊ उगवतो. चांगली चाललेली गोष्ट अशी हातची घालवलेली पाहिली की मशीनवरचा धागा तुटावा तसा जीव चुकचुकतो. पण हे कळायला मालिका आधी चांगली होती हे माहीत असावं लागतं, आणि त्यासाठी ती पाहावी लागते.

'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी रोहिणी हट्टंगडींना बाफ्टा मिळालं, त्याचं कौतुक आजही होतं, व्हायलाच हवं. त्याच बाईंनी २००१ साली सुरू झालेल्या 'चार दिवस सासूचे'मध्ये सासू केली. मालिका तीन हजारांहून जास्त भाग चालली. रोज रात्री तोच माणूस उभा करायचा आणि तरी कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे अभिनयातलं केवढं अवघड काम! त्यावर किती जणांनी गंभीरपणे लिहिलं? 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईकांच्या मरणावर गोष्ट उभी होती. दुसऱ्या पर्वात, २०१९ मध्ये, काळ मागं नेऊन त्यांना जिवंत दाखवलं. शेवट माहीत असून आम्ही रोज बसत होतो, कारण तो माणूस तिथपर्यंत कसा पोचला हे बघायचं होतं. ही लेखनाची करामत आहे. बोलीचंही तसंच. कोल्हापूरची बोली 'तुझ्यात जीव रंगला'त आली, साताऱ्याची 'लागिरं झालं जी'मध्ये. आमची सोलापुरी नायिका "काय बे" म्हणत माप ओलांडेल त्या दिवसाची मी वाट बघतेय. सासू तिथंच बेशुद्ध पडेल.

आता गेम. जागतिक आरोग्य संघटनेनं गेम खेळणं हा आजार ठरवलाय, असं लेखात ठोकून दिलंय. संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घातलेला 'गेमिंग डिसऑर्डर' वेगळा आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागं टाकून खेळच पुढं येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सहसा किमान १२ महिने चाललेलं असणं, अशी त्याची खूण आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तासभर खेळणारा पोरगा आगाऊ असेल, आजारी नव्हे. पुढं लेखकानं पैसे लावायची रमीही याच पोत्यात भरली. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यातसुद्धा ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम, एकीकडं आणि पैशांचे ऑनलाइन खेळ दुसरीकडं, असा स्पष्ट फरक आहे. टीका करायचीच होती तर बंद पेट्यांवर करायची. काही मोबाइल गेममध्ये आधी पैसे भरायचे आणि मग पेटी उघडायची. आत काय निघेल ते नशिबावर. पोरांच्या खिशाला खरी कात्री तिथं लागते. त्यावर लेखात एक ओळ नाही.

मुलाच्या कॉम्प्युटरवर मी 'राजी' खेळले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला गेम. सर्कशीतली एक पोरगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत आपल्याला सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून येतात. भिंतीवरच्या चित्रांपाशी राजी थांबली की त्यातली पुराणकथा ऐकायला मिळते. मी तिथं मुलाला बटण दाबू देत नाही. उणिवाही सांगते. मारामारीत कॅमेरा आपल्याला हवा तसा फिरवता येत नाही, आणि शेवट असा अर्ध्यात सोडलाय की माझी चिडचिड झाली. पाचेक तासांत संपणारा गेम आहे, एका रविवारी कुणालाही खेळता येईल.

संपादकसाहेब, आपण दर शुक्रवारी सिनेमांना तारे देता. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं की नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत लिहिता. मग शंभर भाग झालेल्या मालिकेचं परीक्षण का नको? महिन्याला एखाद्या गेमचं का नको? लिहिणाऱ्यानं किमान महिनाभर ती मालिका पाहिलेली असावी आणि गेम शेवटपर्यंत खेळलेला असावा, एवढीच अट घाला. झोडपलं तरी चालेल, नावानिशी झोडपा.

सुरुवात करणार असाल तर मार्चच्या आत करा. पुढं जूनपर्यंत गणवेशाचा सीझन असतो, तेव्हा आमच्याकडं पेपर फक्त कापडाच्या गठ्ठ्याखाली अंथरायला उघडला जातो.

आपली,
गणवेश शिवणारी एक वाचक
साखर पेठ, सोलापूर