चाडोर नव्हे, चादर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इराणमधल्या बायकांच्या पेहरावावरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिला आहे, मी तो दोनदा वाचला. पण त्यात एक शब्द पाच ठिकाणी आला आणि पाचही ठिकाणी मला टोचला. तो शब्द 'चाडोर'. पहिल्यांदा आला तिथे 'म्हणजे काळा बुरखा' असा खुलासाही केलेला होता. शब्द चुकला आणि खुलासाही चुकला. दुसरीकडे कुठे चुकला असता तर मी पान उलटलं असतं. सोलापुरात घरोघर येणाऱ्या अंकात तो चुकावा याचं वाईट वाटलं.

कारण तो शब्द 'चादर' आहे. फारसी लिपीत तो चार अक्षरांत लिहितात : च, आ, द, र. त्यात 'ड' कुठेच नाही, फारसीत 'ड' हा उच्चारच नाही. इंग्रजीत द आणि ड यांना एकच अक्षर. तिकडची बातमी इंग्रजीतून आली, भाषांतर करणाऱ्याने ते अक्षर पाहिलं आणि 'ड' लिहून टाकला.

मी पूर्व भागात राहतो. चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली, त्यातली शेवटची बरीचशी जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचे, पत्ते पंच करण्यात, म्हणजे त्यांना भोकं पाडण्यात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली, वर्तमानपत्र मराठीच वाचतो. फारसी मला येत नाही. हा शब्द मला एका बाईंनी शिकवला, ते सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यात हातमाग-यंत्रमागाच्या मालाचं प्रदर्शन होतं. मालकांनी दुकान मांडायला मला पाठवलं होतं. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी बरेच असत. त्यातली एक मुलगी आईला घेऊन आली. मुलीला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, आईला फारसीशिवाय काही नाही. मी सवयीने ओरडत होतो, 'सोलापुरी चादर, सोलापुरी चादर!' बाई थबकल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'चादोर?' आणि स्वतःच्या अंगावरच्या कापडाची कड चिमटीत धरून मला दाखवली. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं, तलम कापड, डोक्यावरून थेट घोट्यापर्यंत. मग आमच्या घडीवर हात ठेवून पुन्हा म्हणाल्या, 'चादोर?' मी मान हलवली. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की शेजारच्या दुकानातले लोक बघायला लागले.

मुलीने मग समजावून सांगितलं. तिथे चादोर म्हणजे बायकांनी अंगावरून घ्यायचं सैल वस्त्र. चादोर म्हणजे तंबूसुद्धा. तंबू घेऊन गुरांमागे फिरणारे जे लोक आहेत त्यांना 'चादोरनशीन' म्हणतात, म्हणजे चादरीत बसणारे. आणि अंथरायच्या चादरीला ते चादोर म्हणतच नाहीत, तिला 'मलाफे' म्हणतात. आईने आमची एक चादर उलगडली, खांद्यावर घेऊन पाहिली. जड, चौकोनी, कडक कांजीची. डोक्यावरून टिकेना. तरी दोन विकत घेतल्या. एक त्यांच्या घरी, एक बहिणीला.

त्या दिवशी ते वस्त्र मी विणकराच्या नजरेने जवळून पाहिलं, म्हणून सांगतो की तो बुरखा नाही. चादोरला बाही नाही, बटण नाही, बंद नाही, नाडी नाही. एकच कापड, अर्धवर्तुळाकार कापलेलं. सरळ कड कपाळावर येते आणि गोल कड पायाशी फिरते. समोरून ते पूर्ण उघडं असतं. हनुवटीखाली हाताने धरून ठेवायचं. दोन्ही हात गुंतले तर कड काखेत दाबायची, नाहीतर दातात धरायची. त्या बाईंनी पिशवीतून पैसे काढताना अगदी तेच केलं. आमच्या आया भर उन्हात डोक्यावर घागर घेऊन जाताना पदर दातात धरायच्या, तसंच. चेहरा उघडा असतो. काळी चादोर बाहेर जाताना, घरात आणि नमाजाला फिक्या रंगाची, फुलाफुलांची. चेहरा झाकणारं, डोळ्यांपुढे जाळी असलेलं जे अफगाणिस्तानात दिसतं त्याला तिकडे 'चादरी' म्हणतात. शब्द त्याच कुळातला, वस्त्र वेगळं. लेखात दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

आणखी एक. 1979 च्या क्रांतीनंतर इराणात 'चाडोर सक्तीचा झाला' असं वाक्य आहे. सक्ती डोकं झाकण्याची आणि अंग झाकणाऱ्या सैल कपड्यांची झाली. पुष्कळ बायका लांब कोट आणि डोक्याला रुमाल घेऊन फिरतात. कोटाला 'मांतो' म्हणतात, तो शब्द त्यांनी फ्रेंचातून घेतला. रुमालाला 'रूसरी'. उलट 1936 साली रझा शाहच्या राजवटीने डोकं झाकायलाच बंदी केली होती, तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादोर ओढून काढत. एकाच कापडाने दोन्ही तऱ्हेचा जुलूम पाहिला. म्हणून त्याचं नाव तरी नीट लिहावं.

आता आपल्या बाजूचं. बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात या भागात दरबाराची भाषा फारसी होती, आपला भुईकोट किल्लाही त्याच काळातला. फारसी शब्द तेव्हापासून इथे राहत आले आहेत. इकडे आलेल्या फारसीत हा शब्द 'चादर' असाच म्हणत, अफगाणिस्तानात आजही तसाच म्हणतात. इराणात 'चादोर' म्हणतात. इकडे आलेला तो उच्चार सोलापूरच्या तोंडात टिकला आहे. मराठीत तो इतका मुरला की त्याचा 'च' चमच्यातला झाला, चहातला नव्हे. चादरी, चादरीत, चादरीखाली, सगळी रूपं बिनबोभाट होतात. अर्थ मात्र खांद्यावरून अंथरुणात उतरला. तोही पूर्ण नाही. थंडीत पहाटे चौकात चहाला आलेले म्हातारे डोक्यावरून चादर घेऊनच बसतात. दर्ग्यावर चढते तीही चादरच.

आमच्या घरी मात्र चादरीला 'दुप्पटी' म्हणतात. माझे पूर्वज तेलंगणातून आले, तो शब्द ते बरोबर घेऊन आले. दोन पट, म्हणजे दोन पन्हे. जुना हातमाग अरुंद, एका पन्ह्यात माणूस झाकत नसे, म्हणून दोन पट्टे मधोमध शिवायचे. तोच हिंदीतला दुपट्टा आणि तेच मराठीतलं बाळाचं दुपटं. माझी नात जन्मली तेव्हा आईकडच्या बाजूने दुपटं आलं, आमच्याकडून दुप्पटी आली. दोन्ही एकाच पाळण्यात होती. मागालाही तसंच : तेलुगूत मग्गम, कन्नडात मग्ग, मराठीत माग.

कोणी म्हणेल, शब्द प्रवासात बदलतातच, मग 'चाडोर' झाला तर बिघडलं काय? मी यावर बराच विचार केला. 'जकार्ड' हे फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या माणसाचं नाव. तिकडे ते कसं उच्चारतात मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत हजारो माणसांनी ते रोज तोंडात घोळवलं आणि ते आमचं झालं. मी पत्ता पंच करायचो तेव्हा जिथे भोक तिथला दोरा उचलला जाणार, जिथे भोक नाही तिथला खाली राहणार, एवढाच हिशोब. एक भोक चुकलं तर मोराच्या मानेत दोरा चुकतो, आणि आपली चादर दोन्ही अंगांनी वापरायची असल्यामुळे लाल जमिनीवरही (जमीन म्हणजे नक्षीमागचा रंग) चुकतो आणि उलटल्यावर पांढऱ्या जमिनीवरही. अशा चादरी मी परत आलेल्या पाहिल्या आहेत. 'चाडोर' कुणाच्या तोंडून बदलून आलेला नाही. तो कागदावरून कागदावर उतरताना चुकलेला आहे. ते चुकलेलं भोक आहे.

मी त्या दिवशी आपल्या कार्यालयात फोनही केला होता. फोनवरच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नुसतं 'चादर' छापलं तर वाचकाला अंथरायची चादर वाटेल. त्याचं म्हणणं खरं आहे. मग 'चादोर' छापा, इराणी माणूस म्हणतो तसं. आणि पहिल्या वेळी पुढे एक ओळ द्या : आपली चादर हाच शब्द, तिथे डोक्यावरून घ्यायचं सैल वस्त्र. ओळभर जागा जाईल. ज्या गावाच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे त्या गावातला वाचक ती ओळ वाचून घरातल्यांना दाखवेल.

त्या बाईंनी घेतलेल्या दोन चादरींपैकी एकीवर मोर होता, मीच पंच केलेल्या पत्त्यांचा. त्यांनी उलटी बाजू वर करून घडी घातली होती, त्यांना पांढरी जमीन आवडली.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार,
पूर्व भाग, सोलापूर