मामांचं हे वागणं गोळ्यांमुळे तर नसेल?

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय बाळ्या,

मामांनी तुझ्याकडून वीस हजार घेतले, हे काल फोनवर सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. मलाही तेव्हा काही बोलता आलं नाही, आई शेजारीच बसली होती. म्हणून हे पत्र. तुला सगळं माहीत असायला हवं. पैसे दिलेस म्हणून नव्हे, तर मामांनी ज्या मोजक्या माणसांना आपलं मानलं त्यांतला तू एक आहेस म्हणून. घंटाळीच्या त्या दोन खोल्यांत जमिनीवर बसून तुझं बीजगणित त्यांनीच सोडवून घेतलं होतं.

"मामा बदललेत रे," असं म्हणालास. हो, बदललेत. किती, ते ऐक.

गणपतीत चाळीतले सगळे जागरणाला पत्ते कुटायचे, आठवतं? मामा शेंगदाण्यांवरसुद्धा डाव लावायचे नाहीत. आपण त्यांना कडक समजायचो. त्यामागचं कारण आईने मला आत्ता या सगळ्या गोंधळात सांगितलं. आजोबा मटका खेळायचे. आजीच्या पाटल्या त्यात गेल्या. महिनाअखेरीला वाण्याकडे उधारी मागायला शाळकरी मामांनाच पाठवायचे, आणि वाणी चारचौघांत बोलायचा. त्या पोराने पुढे आयुष्यभर एक रुपया कशावर लावला नाही. वागळे इस्टेटच्या कारखान्यात हिशेब लिहिताना पै इकडची तिकडे होऊ दिली नाही.

आता तेच मामा स्टेशनजवळच्या टपरीवरून लॉटरीची तिकिटं गठ्ठ्याने आणतात. पँटच्या खिशात, पोथीच्या कापडात, तांदळाच्या डब्यामागे, मामीला कुठेही सापडतात. घरी रोज कुरिअर येतो. तीन टॉर्च, दोन ड्रिल मशीन, एकाच मापाचे बूट. रात्री दोनला उठून जुना रेडिओ उघडतात, स्क्रू आकाराप्रमाणे लावतात, मोडतात, पुन्हा लावतात. मामीने हाक मारली की चिडतात. कधी आवाज न चढवणारा माणूस, बाळ्या. मुदत ठेवी मोडल्यात, हे मामीला बँकेचा मेसेज आल्यावर कळलं. आणि आता तू सांगितलंस म्हणून कळलं की ओळखीच्यांकडून उसनेही घेतायत. तुझ्याशिवाय आणखी कोण कोण आहे, याचा आम्हाला पत्ता नाही.

त्यांना पार्किन्सन्स झाल्याचं तुला माहीत आहे. सुरुवात कशी झाली ते कदाचित माहीत नसेल. हाताची थरथर नंतर आली, आधी सही बदलली. चेकवरची सही बारीक होत गेली, इतकी की बँकेने चेक परत पाठवला. या आजारात अक्षर आक्रसत जातं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. मग शर्टाची बटणं लागेनात, तलावपाळीला एक फेरी मारायची तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी दिली. 0.125 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तिथून चढवत नेली. गोळी लागू पडली, हेही तुला तितक्याच ठामपणे सांगतो. मामा परत चालायला लागले. गावदेवी मंडईतून भाजीची पिशवी स्वतः आणायला लागले. मामी म्हणाली होती, देवच पावला.

मामांना काहीही वहीत लिहायची सवय. गोळ्यांचीही वही आहे. तारीख, वेळ, गोळी, आणि शेवटच्या रकान्यात 'बरे', 'जड', 'चालणे ठीक'. मामीने ती वही आणि पासबुक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, तूच बघ, मला काही सुचत नाही. मी दोन्ही शेजारी उघडून बसलो. वहीच्या पहिल्या पानांवरचं अक्षर मुंगीएवढं आहे, वाचायला चष्मा पुसावा लागतो. पानं उलटत गेलो तसं ते मोठं होत जातं. दिवाळीच्या सुमारास तर आपल्या ओळखीचं, मामांचं ते टपोरं अक्षर परत आलंय. मला भरून आलं. गोळीने काय दिलं, ते त्या पानांवर दिसतं. डिसेंबरात डोस वाढून 1 मिलिग्रॅम तीनदा झाला, तेही तिथे स्वच्छ लिहिलंय. मग पासबुक बघितलं. जानेवारीअखेरपर्यंत पेन्शन, वीज, गॅस, औषधं, सगळं वर्षानुवर्षं असायचं तसं. फेब्रुवारीपासून पाचशे, दोन हजार, पाच हजार. आणि वहीतल्या नोंदी मात्र तशाच चालू, 'बरे', 'बरे', 'उत्तम'.

आता तू म्हणशील, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मीही तेच म्हणालो स्वतःला. म्हणून वाचायला बसलो. जे समजलं ते सांगतो.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल सुरळीत चालायला डोपामिन लागतं. प्रॅमिपेक्सोल डोपामिनची नक्कल करतं, त्याच्या जागी जाऊन काम करतं. पण डोपामिन फक्त हातापायांसाठी नसतं. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं, मिळाल्यावर पुन्हा हवी वाटणं, हेही त्याच्याच जोरावर चालतं, आणि त्या भागातल्या पेशींवर ही गोळी जास्तच घट्ट बसते. अमेरिका आणि कॅनडात पार्किन्सन्सच्या 3090 रुग्णांची पाहणी झाली होती, ती 2010 मध्ये छापून आली. जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक वागणं, यांपैकी कशावर तरी ताबा सुटल्याचं या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये 17.1 टक्के लोकांत आढळलं, न घेणाऱ्यांत 6.9 टक्के. तरुण वय, सिगारेट, आणि घरात कुणाला जुगाराचा नाद असणं, यांनी धोका वाढतो, असंही त्यात आहे. हे वाचलं आणि आजोबांचा मटका आठवून अंगावर काटा आला. रात्री उठून स्क्रू लावत बसणंही या औषधांनी होऊ शकतं, त्याची वेगळी वर्णनं आहेत.

म्हणजे ही कुणा एकट्याला झालेली विचित्र गोष्ट नाही. गोळीच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. पण आपल्याकडे दुकानदार डब्यातून दहाची पट्टी काढून देतो, पत्रक डब्यातच राहतं. तपासताना डॉक्टरांनीही मळमळ, चक्कर, झोप याबद्दल विचारलं, या गोष्टीबद्दल कुणी मामीला सावध केलं नाही. मला याचा फार राग येतो. पाच वाक्यं पुरली असती. "पैशाच्या, खरेदीच्या सवयी बदलल्या तर मला लगेच फोन करा," एवढं म्हटलं असतं तर मामी मार्चमध्येच फोन करती.

तरीही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही की हे गोळ्यांचंच आहे. त्या 6.9 टक्क्यांकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. ती माणसं या गोळ्या न घेताही तिथे पोचली. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात विसरण्याच्या आधी वागणंच बिघडतं, असंही वाचलं. ते असेल तर? मामांची स्मरणशक्ती मी गुपचूप तपासत राहतो. तुझ्या मुलीची इयत्ता त्यांना ठाऊक आहे, गेल्या वर्षीचा आयकर त्यांनी स्वतः भरला. हे बघून धीर येतो, आणि रात्री परत वाटतं, मला हवं तेच मी बघतोय का? गोळी दोषी निघावी अशी माझी इच्छा आहे, बाळ्या, कारण गोळी कमी करता येते. इच्छा आणि पुरावा यांत गल्लत होऊ नये म्हणून तुला लिहितोय. तू माझ्यापेक्षा थंड डोक्याचा आहेस.

घरात प्रत्येकाचा निकाल आधीच लागलाय. आई म्हणते, अण्णांचं, म्हणजे आजोबांचं रक्त, कधीतरी वर येणारच. मामांची मुलगी, पुण्याची ताई, तर फोनवर रडत होती. "औषधाचं नाव घेऊन बाबांना सोडवू नकोस. आईशी खोटं बोलले ते, गोळी खोटं बोलली का?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. नंतर विचार करत राहिलो. मला वाटतं, ओढ गोळीची असू शकते, आणि लपवणं मामांचं. पण ते लपवतात कशापायी? ज्या गोष्टीने आपलं बालपण खाल्लं तीच आपण करतोय, हे त्यांना दिसतंय. तिकिटं पोथीच्या कापडात ठेवणाऱ्या माणसाला शरम मेलेली नसते. त्या शरमेवरच तर ते मला अजून आपले मामा वाटतात. ताईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण शुक्रवारी रजा काढून येतेय.

एका चुलत नातेवाइकाने सुचवलं, "ठाण्यातच राहता, मोठं हॉस्पिटल आहेच की वेड्यांचं." मामी समोर होती. तिचा चेहरा बघवेना. मानसिक उपचारांत कमीपणा काही नाही, लागले तर घेऊच. पण ज्या स्वरात तो बोलला, तो स्वर मामीच्या कानात राहिलाय.

त्या रात्री मामीने सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, फेकून देणार होती. मी अडवलं. हे तूही लक्षात ठेव, कारण मामी तुझं ऐकते आणि तुला फोन करेल. ही गोळी एका दमात बंद करायची नाही. शरीर पुन्हा ताठरतं ते वेगळंच, शिवाय भयंकर घबराट, घाम, दुखणं, खोल उदासी येऊ शकते. क्वचित ताप चढून जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू उतरवतात आणि लेव्होडोपा नावाच्या दुसऱ्या औषधावर भर देतात. त्यात हा धोका कमी असतो, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर अंग आपोआप हलायला लागण्याचा त्रास संभवतो. म्हणूनच कमी वयाच्या रुग्णाला आधी या जातीची गोळी देतात, आणि मामा साठीतच आहेत. म्हणजे डॉक्टरांनी गोळी चुकीची दिली असं मी म्हणणार नाही. फक्त घरच्यांना सोबत घेतलं नाही.

हात थोडे परत थरथरले तर चालतील का, हा प्रश्न शुक्रवारी मामांसमोर येणार आहे. मला तो सगळ्यात अवघड वाटतो. त्यांचं ते टपोरं अक्षर परत घ्यायचं, असं आपण कुठल्या तोंडाने सांगायचं?

शुक्रवारची वेळ मिळाली आहे. एका कागदावर डोस वाढल्याच्या तारखा आणि पासबुकातल्या रकमा समोरासमोर लिहून काढल्या आहेत. मामांना न सांगता काही करायचं नाही, असं ठरवलं. काल संध्याकाळी त्यांना वही दाखवली आणि एवढंच म्हणालो, "मामा, या गोळीने काहींना पैसे लावायची ओढ लागते, असं छापलेलं आहे. तुम्हाला तसं होतं का?" खूप वेळ ते वहीच बघत होते. मग म्हणाले, "सुटत नाही रे." आणि थोड्या वेळाने, "मला वाटलं, मी अण्णांवर गेलो." मी म्हणालो, शुक्रवारी विचारू. त्यांनी मान हलवली. तो कागद त्यांनी स्वतः तपासला आणि एक रक्कम दुरुस्त केली.

डॉक्टर मामांना एकट्याला भेटतील, असंही मी दवाखान्यात सांगून ठेवलंय. त्या पाहणीतल्या चार गोष्टींपैकी एक अशी आहे की ती मामी मला कधी सांगणार नाही आणि मी विचारणार नाही. दोघांनाही बंद दाराआड बोलता आलं पाहिजे.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते, हे मला माहीत नव्हतं. 2010 पासून सरकारची त्यासाठी व्यवस्था आहे, गाझियाबादहून चालते, 1800-180-3024 हा फुकटचा नंबर. डॉक्टरांनी दुजोरा दिला की मी फोन करणार. कुणाच्या तरी मामीला मार्चमध्येच कळावं म्हणून.

आता तुझ्याकडे मागणं. मामांचा फोन आला तर उचल, नेहमीसारखा बोल. पैसे मागितले तर देऊ नकोस, पण बहाणाही करू नकोस. "भाच्याशी बोलून देतो," एवढंच सांग. त्यांना कळेल, आणि आता त्यांनीच माझ्यापुढे तोंड उघडलंय, तेव्हा वाईट वाटणार नाही. ते वीस हजार त्यांच्याकडे मागू नकोस, मी पुढच्या महिन्यात पाठवतो. एटीएम कार्ड त्यांनी आपणहून मामीकडे दिलंय. नाशिकला आपल्या ओळखीतल्या आणखी कुणाकडून त्यांनी घेतलेत का, तेवढं हळूच चौकशी करून कळव. गाजावाजा नको.

आणि जमलं तर शुक्रवारनंतर एक दिवस येऊन जा. मुलीला घेऊन ये, तिचं गणित कच्चं आहे म्हणत होतास.

तुझा,
दिन्या