किलोचा भाव फळीवर लिहा, आणि मराठीत लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिन्याचा पहिला आठवडा आला की पेपरच्या घडीतून दुकानांची दोन-तीन पत्रके हमखास खाली पडतात. ‘एकावर एक मोफत’, ‘1,500 च्या खरेदीवर 150 ची सूट’, ‘फक्त तीन दिवस’. पगार झालेला असतो, सांगली-मिरजेतल्या मोठ्या दुकानांत पैसे द्यायला रांगा लागतात. या सवलतींत पैसे वाचतात, यात शंका नाही. पण ते वाचवायला जो एक आकडा लागतो, तोच पत्रकावर नसतो आणि दुकानाच्या फळीवरही नसतो. वस्तू किलोला कितीला पडली, हा तो आकडा. त्याबद्दलच हे पत्र आहे.

तेलापासून सुरुवात करते, कारण किराण्याच्या बिलात तेलाचा वाटा मोठा आणि फसगतही तिथेच जास्त. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरते. तेल, डाळ, पीठ, चहा, बिस्किटे अशा वस्तू ठराविक वजनातच पॅक करायच्या, असे बंधन पूर्वी होते. 2022 पासून ते राहिले नाही. त्यामुळे 910 ग्रॅमच्या पिशवीशेजारी 850 किंवा 800 ग्रॅमची पिशवीही दिसते, आणि उंची-रुंदी जवळजवळ सारखीच. समजा लिटरची पिशवी 145 रुपयांना आहे आणि शेजारची 800 ग्रॅमची सेलमध्ये 132 ला. हात साहजिकच 132 कडे जातो. भागाकार केला तर पहिली किलोला 159 रुपये पडते आणि दुसरी 165. सेलमधले तेलच महाग निघाले.

डब्याचेही तसेच. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा लांबून एकच वाटतात. 15 लिटरच्या डब्यात तेल असते सुमारे 13 किलो 650 ग्रॅम. म्हणजे 1 किलो 350 ग्रॅमचा फरक, 160 च्या भावाने 216 रुपये. दोन दुकानांचे भाव विचारताना ‘डबा केवढ्याला?’ एवढेच विचारले की या 216 रुपयांवर पाणी सोडावे लागते. डब्यावर निव्वळ वजन छापलेले असते, ते वाचूनच पुढचे बोलावे.

पाकिटावर एककाचा भाव छापायचा नियम आहे, मग तक्रार कशाला, असे कोणी म्हणेल. नियम आहे, पण किलोच्या आतल्या पाकिटावर तो भाव ग्रॅमला छापतात आणि पैशांपर्यंतच. पोह्यांची दोन पाकिटे घ्या. 450 ग्रॅमचे 37 रुपयांना, 800 ग्रॅमचे 61 रुपयांना. दोन्हींवर ‘प्रति ग्रॅम 0.08 रुपये’ असेच छापून येणार. प्रत्यक्षात पहिले किलोला 82 रुपये 22 पैसे पडते आणि दुसरे 76 रुपये 25 पैसे. सहा रुपयांचा फरक त्या दोन दशांशांत गडप होतो. शिवाय छापील भाव एमआरपीवरून काढलेला असतो, सेलच्या किमतीवरून नाही. म्हणून फोनमधला कॅल्क्युलेटर उघडावा. द्यायची किंमत भागिले ग्रॅम गुणिले हजार. 250 ग्रॅम असेल तर चारने गुणले तरी झाले, 200 असेल तर पाचने.

सवलतीची भाषाही टक्क्यांत आणून पाहावी. एकावर एक म्हणजे निम्मी किंमत, हे सगळ्यांना कळते. दोनांवर एक म्हणजे 33 टक्के सूट. ‘दुसऱ्या नगावर 50 टक्के’ हे वाचायला निम्म्यासारखे वाटते, पण दोन नगांवर मिळून ती 25 टक्केच होते. ‘20 टक्के जादा’ माल म्हणजे 20 टक्के सूट नव्हे, पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास. ‘20 टक्के अधिक आणखी 10 टक्के’ याचे 30 होत नाहीत, 28 होतात, कारण दुसरी सूट उरलेल्या रकमेवर मिळते. आणि दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या मालावर ‘50 टक्के सूट’ दिसली तर त्या टक्क्यांकडे बघूच नये. त्या मालाची एमआरपी दुकानच ठरवते आणि सूटही तेच देते. माल वाईट असतो असे मुळीच नाही, बरेचदा चांगला आणि स्वस्तही असतो. फक्त त्याची तुलना त्याच्याच एमआरपीशी न करता शेजारच्या पाकिटाच्या किलोच्या भावाशी करावी.

आता कुपन. आपल्याकडे कुपन म्हणजे बहुधा बिलाच्या शेपटीला छापून येणारे किंवा फोनवर येणारे. त्याच्या चार अटी आधी वाचाव्यात. किमान खरेदी किती, सूट जास्तीत जास्त किती, मुदत कधीपर्यंत, आणि कोणता माल वगळला आहे. चौथी अट सर्वांत बारीक अक्षरात असते आणि वगळलेल्यांत बरेचदा तेल, साखर, तूप, डाळी, तांदूळ हेच असतात. म्हणजे महिन्याच्या यादीचा कणाच बाहेर.

किमान खरेदीचा हिशेब इतर सवलती वजा झाल्यावर धरतात, इथेच गडबड होते. टोपलीत एमआरपीने 1,560 चा माल भरला, मालावरच्या सवलती जाऊन बिल झाले 1,430, आणि 1,500 चे कुपन लागले नाही. मागे रांग उभी असते. अशा वेळी काउंटरशेजारच्या चॉकलेट-बिस्किटांतले 70 रुपयांचे काहीतरी उचलले जाते. त्याऐवजी यादी करतानाच शेवटी दोन-तीन न नासणाऱ्या वस्तू ‘लागल्या तर’ म्हणून लिहून ठेवाव्यात. भांड्याचा साबण, टूथपेस्ट, मीठ. बिल कमी भरले तर त्यातलेच एक घ्यावे, ते पुढच्या महिन्याला येतेच. ‘10 टक्के, कमाल 150’ असे कुपन असेल तर 1,500 च्या पुढे त्याचा उपयोग संपतो. 3,000 ची यादी असेल आणि कुपने दोन असतील, तर दोन बिले करून मागावीत. काही ठिकाणी करतात, काही ठिकाणी एका फोन नंबरला दिवसाला एकच बिल धरतात. विचारायला काही लागत नाही. आणखी एक, बिलाच्या कागदावरची छपाई उष्णतेने खराब होते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेले कुपन वाचता येईनासे होऊ शकते. घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवावा.

घरपोच मागवताना कुपनातून हाताळणी आणि पोहोचवण्याचा खर्च आधी वजा करावा. 75 ची सूट आणि 45 चा खर्च असेल तर वाचले 30. खरेदीवर मिळणाऱ्या पॉइंटांसाठी जादा खरेदी करू नये, ते रुपयाला पैसा-दीड पैसाच देतात.

बिल मात्र काउंटर सोडण्याआधी वाचावे. चूक ठरलेल्या तीन जागी होते. फळीवरच्या चिठ्ठीवर जुना भाव राहिलेला असतो आणि यंत्रात नवा. सवलत 500 ग्रॅमला असते आणि आपण उचललेले असते 450 चे, किंवा त्याच ब्रँडचा दुसरा वास. आणि मोफतचा नग यंत्रात पूर्ण किमतीने लागलेला असतो. तिथल्या तिथे सांगितले तर दोन मिनिटांत दुरुस्त होते, घरी गेल्यावर सांगितले तर अख्खी दुपार जाते. सुटा माल तोलताना काटा शून्यावर आहे का आणि पिशवीचे वजन वजा केले का, हे बघण्यात संकोच कसला?

सेलमध्ये किती घ्यायचे, याला साधा हिशेब आहे. महिन्याला लागते किती, आणि पुढचा सेल किती महिन्यांनी. माणशी रोज 25 ग्रॅम तेल धरले तर चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो लागते. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि दिवाळीच्या आसपास मोठ्या सवलती असतात, म्हणजे 15 ऑगस्टला आणि दिवाळीला घेताना दोन-तीन महिन्यांचे पुरे. साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट सहा महिन्यांची घेतली तरी बिघडत नाही. रवा, मैदा, बेसन यांचे मात्र ‘दोनांवर एक’ पावसाळ्यात घेऊच नये. जुलैत आठ दिवसांत रव्याला जाळी धरते. घेतलाच तर कोरडा भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. शेंगदाणे आणि सुके खोबरे उन्हाळ्यात खवट होतात. तयार मसाल्याचा वास काही महिन्यांत कमी होतो. मोठी सवलत लागलेल्या मालावर पॅकिंगची तारीख आधी बघावी. मुदत सहा महिन्यांची आणि पाच उलटलेले असतील, तर ती सूट कशाची आहे हे लगेच कळते.

आणि खरा सेल आपल्या जिल्ह्यात पत्रकाशिवायच लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत मार्केट यार्डात नवी हळद येऊ लागते. तेव्हा हळकुंडे घेऊन दळून आणली की वर्षाचा प्रश्न मिटतो, आणि पुडीतल्या भेसळीची धास्तीही राहत नाही. दिवाळीपासून मार्चपर्यंत गूळ, त्याच्या शेवटी शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, मार्च-एप्रिलात गहू, उन्हाळ्याआधी तूरडाळ. सांगलीच्या गणपती पेठेतल्या बाजारात सुटी डाळ घेतली तर तिच्यावर जीएसटी नाही. 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटबंद डाळी-तांदळावर आणि पिठावर मात्र जुलै 2022 पासून 5 टक्के आहे. 25 किलोच्या वरच्या पोत्याला तो लागत नाही. म्हणून तीन-चार घरांनी मिळून 30 किलो तांदळाचे पोते घेतले तर कर वाचतो आणि ठोक भावही मिळतो. आधी मूठभर शिजवून बघावा, कारण नवा तांदूळ जुन्याच्या भावात गळ्यात पडण्याची शक्यता असते. गहू एक ऊन दाखवून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवावा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा.

गल्लीतल्या किराणा दुकानदारालाही विसरू नये. कंपन्यांचे वितरक त्याला ‘डझनाला एक’ अशा स्कीम देतात. सहा महिन्यांचे साबण एकदम आणि रोखीने घेतले तर त्यातला वाटा मागता येतो, आणि बहुतेक वेळा तो मिळतो. महिन्याची यादी एकदा तिथे देऊन किलोचे भाव लिहून घ्यावेत. मोठ्या दुकानातले तीन-चार जिन्नस वगळता फरक फार कमी निघतो, त्यात रिक्षाचे किंवा पेट्रोलचे पैसे धरले तर काही वेळा उलटाच.

एमआरपीपेक्षा जास्त घेतले, वजन कमी भरले तर तक्रार वैधमापनशास्त्र (वजन-मापांच्या) विभागाकडे करता येते. बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे, ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तक्रारीला बिल लागते, म्हणून त्याचाही फोटो ठेवावा.

हे सगळे घरोघर रोज बायका मनातल्या मनात करत असतात, भाजीची पिशवी एका हातात आणि मूल दुसऱ्या हाताला धरून. त्यांचे गणित कच्चे नाही, त्यांना आकडा दिला जात नाही. सांगली, मिरज, कुपवाड आणि साताऱ्या-कराडच्याही दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की फळीवरच्या प्रत्येक चिठ्ठीवर सवलतीनंतरचा किलोचा भाव मराठीत लिहावा. ग्रॅमचा नको, किलोचा हवा, आणि अक्षर चष्मा न लावता वाचता येईल एवढे असावे. कुपनात वगळलेल्या मालाची यादीही दाराशीच लावावी, काउंटरवर पोचल्यावर कळून काही होत नाही.

आपल्या पेपरलाही एक विनंती. बाजारभावाच्या रकान्यात आपण हळद, गूळ, बेदाण्याचे क्विंटलचे भाव छापता, ते शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला लागतात. त्याच रकान्याखाली दर महिन्याच्या 1 तारखेला गणपती पेठेतले सुट्या मालाचे किरकोळ भाव, किलोचे, छापावेत. तूरडाळ, हरभराडाळ, मूगडाळ, तांदूळ, गहू, शाळू, साखर, गूळ, पोहे, शेंगदाणे आणि तेल. अकरा ओळी पुरतील. पत्रक आणि तो रकाना शेजारी ठेवून घरातच यादी करता येईल.

आपली,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली