‘क्षणिक’ म्हणजे खोटे नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती श्रद्धेवरचा लेख आस्थेने लिहिलेला होता; पण त्याचा सारा डोलारा एका शब्दावर उभा आहे आणि नेमका तोच शब्द निसरडा आहे. ‘दृश्य गोष्टी क्षणिक आहेत, पण अदृश्य गोष्टी सार्वकालिक आहेत’ हे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचे बायबलातले वाक्य (करिंथकरांस दुसरे पत्र, ४:१८) देऊन लेखकाने निष्कर्ष काढला की ख्रिस्ती मतातही जग मायाच ठरते. तसे नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे ‘प्रोस्कैरॉस’. त्यातला ‘कैरॉस’ म्हणजे वेळ, हंगाम. एकूण अर्थ ‘काही काळापुरते’. इंदूरच्या वाचकाला हे घरबसल्या ताडून पाहता येईल. इथे अनेक चर्चमध्ये उपासना हिंदीत चालते आणि हिंदी बायबलात याच जागी ‘थोड़े ही दिन की’ असे शब्द आहेत. (मला विचाराल तर इथे हिंदी भाषांतर मराठीपेक्षा सरस उतरले आहे.) पाहुणा थोड्या दिवसांचा असतो, म्हणून त्याला कुणी भास म्हणत नाही. हाच ग्रीक शब्द येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात येतो (मत्तय १३:२१). खडकावर मातीचा पातळ थर, बी लवकर उगवते, ऊन चढले की करपते. माळव्यात मुरमाड रान कसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. ते रोप खोटे नव्हते, त्याची मुळे खोल गेली नव्हती इतकेच. शिवाय बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव आपली निर्मिती पाहून ‘फार चांगली’ म्हणतो आणि योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’ (म्हणजे ख्रिस्त) देही होतो. जग मिथ्या मानणाऱ्या मताला हे दोन्ही परवडणारे नाही.

दुसरी गफलत ‘अदृश्य’ या शब्दाची. जे दिसत नाही ते सगळे सार्वकालिक, असे ख्रिस्ती मत म्हणत नाही. ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेत ठरलेल्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, देव ‘दृश्य व अदृश्य’ अशा सर्वांचा उत्पन्नकर्ता आहे. म्हणजे देवदूतही निर्माण केलेलेच. मग पौल कोणत्या अदृश्याबद्दल बोलतो? एक वचन तोडून घेतले की हे कळत नाही. ४:७ पासून ५:१० पर्यंतची बावीस वचने एका बैठकीत वाचावीत, दहा मिनिटे लागत नाहीत. मातीची भांडी, झिजणारे शरीर, मग तंबू आणि हातांनी न बांधलेले घर, असा तो क्रम आहे. पौल स्वतः तंबू करणारा कारागीर, तेव्हा तंबूचे कापड किती उन्हाळे टिकते हे त्याला ठाऊक असणार. त्याचे अदृश्य म्हणजे पुनरुत्थानानंतरचे जीवन. ते अजून दिसलेले नाही, इतक्याच अर्थाने अदृश्य. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो म्हणतोच, आता आरशात अस्पष्ट दिसते, पुढे समोरासमोर दिसेल. तो आरसा काचेचा नव्हे, घासून चकचकीत केलेल्या काशाचा. चार दिवस पुसला नाही की काळवंडतो.

४:१८ मधले ‘लक्ष लावतो’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे: ‘स्कोपेओ’. टेलिस्कोप, मायक्रोस्कोप यांच्या शेपटीत तेच आहे. त्याच्या जवळचे नाम ‘स्कोपॉस’, म्हणजे नेम धरण्याची खूण. डोळे मिटून बसा असे पौल सांगत नाही, नेम कशावर धरायचा ते सांगतो.

न दिसणाऱ्या गोष्टींविषयीच्याच आणखी एका वचनाबद्दल, इब्री लोकांस पत्रातल्या ११:१ बद्दल, थोडक्यात. विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींबद्दलचा भरवसा, असे ते वचन आहे. तिथे ‘भरवसा’ असे भाषांतर झालेला शब्द आहे ‘हुपोस्तासिस’. मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) सापडलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांत, तो मालमत्तेच्या कागदपत्रांसंबंधी येतो, म्हणून काही अभ्यासक इथे जणू खरेदीखताचा अर्थ घेतात. सगळ्यांना ते मान्य नाही. पण रजिस्ट्री झाली, ताबा मिळायचा आहे, ही अवस्था इंदुरात घर घेणाऱ्या कुणालाही कळेल.

आता आपल्या वृत्तपत्राच्या जाहिरात खात्यातली गोष्ट. ख्रिस्ती कुटुंबांच्या निधनवार्तेत आणि पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत ४:१८ बहुधा एकटेच छापले जाते. शोकाकुल घराला ते ‘गेलेले माणूस क्षणिक होते, रडू नका’ असे ऐकू येते. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू स्वतः रडला (योहान ११:३५). रडण्याला बंदी नाही. आधीचे ४:१७ सोबत आले की अर्थ सावरतो. तिथे संकट ‘हलके’ आणि गौरव हा ‘भार’ आहे. इब्री भाषेत गौरवाला ‘कावोद’ म्हणतात आणि त्याचे मूळ वजनात आहे. आपला ‘गौरव’ही ‘गुरू’पासून, म्हणजे जडपणातूनच आला. आणि संकटाला हलके म्हणणारा कोण, तर पाच वेळा एकूणचाळीस फटके आणि तीनदा छड्या खाल्लेला, एकदा दगडमार झालेला, तीनदा गलबत फुटलेला माणूस (त्याच पत्रात ११:२४-२५).

एका स्तंभात दोन्ही वचने बसतात, फार तर चार ओळी वाढतील. जाहिरात घेताना विभागातल्या मंडळींनी कुटुंबाला तेवढे विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर