तोच गरबा, तिथे संस्कृती आणि इथे ऱ्हास?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात वाढलेल्या मराठी मुलांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख काल वाचला. रविवारची पुरवणी बडोद्यात सोमवारी दुपारी दाराशी पडते, त्याबद्दल शेवटी बोलेनच. लेख छान उतरला आहे. भाषा ओघवती, फोटो रंगीत, नऊवारीवर गॉगल चढवून ढोल वाजवणाऱ्या मुली तर फारच गोड. पण शेवटाकडे येताना लेखकमहाशयांनी काही कारण नसताना आमच्याकडे मान वळवली आणि बडोद्याच्या मराठी तरुणांनी आपली संस्कृती गरब्याच्या मैदानावर सोडून दिली, असं लिहून ते मोकळे झाले. एका वाक्यात. पुरावा नाही, कोणाशी बोलल्याची खूण नाही.

महाशय बडोद्याला कधी आले असतील तर बहुधा २०१८ च्या साहित्य संमेलनाला. इथे संमेलन भरलं १९०९, १९२१ आणि १९३४ साली, आणि मग एकदम २०१८ मध्ये. ८४ वर्षांनी पाहुणे आले, तीन दिवस राहिले, लीलो चिवडा (आमच्याकडचा ओलसर चिवडा) पिशवीत घालून परत गेले. आमच्या मुलांचा निकाल तेव्हाच लागला असावा.

आता मुद्दा. तो माझ्या घरातलाच आहे, त्यामुळे जरा तिखट लागेल.

माझा थोरला भाऊ शिकायला म्हणून अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. त्याची मुलगी न्यू जर्सीत जन्मली, तिथेच वाढली. गेल्या वर्षी कॉलेज संपवून, नोकरीवर रुजू व्हायच्या आधी, ती नवरात्रात इथे आली. 'आत्या, आत्या' करत माझ्या मागे मागे फिरायची, स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसायची आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत अखंड बोलायची. लेखात ज्या मराठी बालपणाचं एवढं कौतुक आहे, ते तिच्या तोंडून ऐकलं ते असं. रविवारी सकाळी मराठी शाळा. वर्गातल्या मैत्रिणी फुटबॉलच्या मैदानावर, आणि ही भाड्याच्या खोलीत 'कमळ' गिरवतेय. गाडीत बसताना दर रविवारी रडारड. गणपती शनिवारी, कारण तिथीला आईबाबांना रजा नसायची. एखाद्या शाळेचा जेवणाचा हॉल भाड्याने घ्यायचा, मोदक ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून यायचे आणि आरत्या इंग्रजी अक्षरांत छापलेल्या कागदावरून म्हणायच्या. तिकडच्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या १९८१ पासूनच्या कामाचा आणि दर दोन वर्षांच्या अधिवेशनाचा लेखात गौरव आहे, तो रास्तच आहे. परक्या मुलखात लोकांनी पदरमोड करून ते उभं केलंय. त्या अधिवेशनात ही लहानपणी कोळीनृत्यात नाचली होती. त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "आत्या, ते आईबाबांचे वीकेंड होते. आम्ही मागच्या सीटवर होतो."

मग ती हॉस्टेलवर गेली आणि पहिल्यांदाच संध्याकाळ तिच्या स्वतःच्या हातात आली. तेव्हा तिने ढोल धरला नाही की लेझीम धरलं नाही. ती कॉलेजच्या रासच्या, म्हणजे दांडियाच्या टीममध्ये शिरली. तिकडच्या विद्यापीठांतून म्हणे रासच्या, भांगड्याच्या अशा टीम असतात आणि स्पर्धांसाठी त्या विमानाने गावोगाव जातात. हिच्या टीममध्ये गुजराती, पंजाबी, तेलुगू मुलं, शिवाय एक चिनी वंशाची मुलगी. सरावाला हॉल मिळाला नाही की ही मंडळी रात्री बहुमजली पार्किंगमध्ये, गाड्या निघून गेल्यावर, कडाक्याच्या थंडीत काँक्रीटवर नाचायची. दांडियांना रंगीत चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण आपटून आपटून त्यांचे टवके निघतात. सात-आठ मिनिटांत एक गोष्ट बसवायची, मधेच अंधार, मधेच उजेड. तिने फोनवर दाखवलं. मला ते २६ जानेवारीच्या कवायतीसारखं वाटलं, पण पोरांच्या चेहऱ्यावर जी मजा होती ती रविवारच्या शाळेत खासच नसणार. तिथे कोण मराठी, कोण गुजराती हे कोणी विचारत नाही. सगळे देसी. हे लेखात कुठेच नाही. असणार कसं? मुलांना विचारलंय कोणी? सगळी माहिती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडून घेतलेली दिसते, आणि पदाधिकारी सगळीकडचे सारखेच.

तर ही बाई बडोद्यात उतरली तीच मुळी गरब्याच्या ओढीने. माझ्या धाकट्या मुलाने खटपट करून तिच्यासाठी पास मिळवला. पहिल्या रात्री ती गोलात शिरली आणि थोड्याच वेळात बाहेर ढकलली गेली. इथे गरबा सात-आठ मिनिटांत संपत नाही. गाणारे समोर बसून गातात, हजारो माणसं एकाच दिशेने फिरतात आणि लय कधी चढली ते पायांना आधी कळतं. हिला सवय प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायची. इथे प्रेक्षक कोण? आमच्या पोळातल्या (म्हणजे गल्लीतल्या) एका गुजराती काकींनी तिला हाताला धरून दोन टाळी, तीन टाळी शिकवली. त्यानंतर बाईसाहेब रोज मध्यरात्र उलटल्यावर, सेव-उसळ खाऊन, तोंड पोळवून घरी. सकाळी माझ्याकडे तळपायाला लावायला तूप मागायची. मैदानात खडे फार असतात, हेही जाता जाता सांगते. पासाचे एवढे पैसे घेतात तर निदान माती चाळून टाकावी.

आणि मग आली कोजागिरी. इथल्या एका मंडळाचा (नाव घेत नाही) गच्चीवर दुधाचा कार्यक्रम असतो. माझा धाकटा आणि त्याचे मित्र दुपारपासून तिथेच. सतरंज्या घातल्या, माइक जोडला, शेगडी आणि सिलिंडर जिन्याने वर चढवला. दूध तळाला लागू नये म्हणून हा पातेल्याशी उभा राहून ढवळतोय, शर्टाला केशराचे डाग. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या भाचीला पुढे बोलावलं. शाल, श्रीफळ. सातासमुद्रापार राहूनही आपली संस्कृती जपणारी आपली लेक! टाळ्या. मग तिला विचारलं, तिकडे काय काय करतेस? ती बिचारी खरं बोलली, "मी रास करते." पुन्हा टाळ्या! आणि त्याच दमात अध्यक्षांनी दुधाच्या पातेल्याकडे बघून सुनावलं, "आपल्या इथल्या मुलांनी यांच्याकडून शिकायला हवं. आपली मुलं नऊ दिवस नुसते गरबे करतात आणि मंडळाच्या नाटकाला खुर्च्या रिकाम्या."

संपादक महोदय, ती दोघं एकाच स्कूटरवरून, एकाच मैदानावर, सगळं नवरात्र नाचली होती. एकीला शाल आणि दुसऱ्याला भाषण. माझा मुलगा काही बोलला नाही, ढवळत राहिला. भाचीने मात्र शालीची घडी केली आणि सरळ जाऊन त्याच्या खांद्यावर टाकली. लोक हसले. अध्यक्षही हसले, त्यांना वाटलं अमेरिकन मुलांची थट्टा अशीच असते.

तुमच्या लेखाने तेच भाषण पुन्हा दिलं, फक्त गच्चीऐवजी आख्ख्या महाराष्ट्रासमोर. म्हणून हा त्रागा.

नाटकाच्या खुर्च्यांचंही सांगते. सातचं नाटक आठला सुरू होतं, त्याआधी सत्कार, सत्काराआधी प्रास्ताविक. तरुण मुलगा नोकरीवरून थेट आलेला असतो, तो नऊ वाजता भुकेला होऊन निघून जातो. आणि याच मुलांनी शनिवारच्या संध्याकाळी गाण्याबजावण्यासाठी मंडळाचा हॉल मागितला तेव्हा अनामत रक्कम भरा, अर्ज द्या, बैठकीत ठेवू, असं उत्तर आलं. बैठक अजून व्हायची आहे. डिसेंबरात मात्र तोच हॉल परदेशातून आलेल्यांच्या लग्नांना रोज सजलेला असतो. पैसे कोणाला नकोत, माझी तक्रार नाही. पण मग मुलं कुठे जातात हे विचारायचा अधिकार उरत नाही.

लेखात भोंडल्यासाठीही अश्रू ढाळले आहेत. मी इथल्याच दांडिया बाजार भागात वाढले. आम्ही पाटावर हत्ती काढायचो, फेर धरायचो, खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय ते ओळखायचो आणि शेवटची खिरापत तोंडात असतानाच चपला घालून पोळातल्या गरब्याला पळायचो. आमच्या आया ओट्यावर उभ्या राहून टाळ्यांचा ठेका द्यायच्या. कोणाला त्यात काही बुडाल्यासारखं वाटलं नाही. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने गुजरातचा गरबा आपल्या यादीत घेतला, तेव्हा आपल्याच पेपरात कौतुकाची बातमी होती. म्हणजे तो सगळ्या जगाचा वारसा, फक्त रावपुऱ्यातल्या मराठी मुलाने खेळला की वेळेचा अपव्यय!

आणि परमुलखात गेलेल्यांची मुलं म्हणाल तर आम्ही दुसरे कोण आहोत? आमचे पूर्वज कोणी गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, कोणी नंतर सयाजीरावांच्या चाकरीत कारकून, मास्तर म्हणून. महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. या लोकांनी फावल्या वेळात काय केलं ते शहरात अजून दिसतं. व्यायामगुरू माणिकरावांनी आपल्या मुसलमान उस्तादांच्या, जुम्मादादांच्या नावाने व्यायाममंदिर चालवलं आणि तिथे सगळ्या पोळांतली पोरं मल्लखांबावर चढली. नरसिंहजींच्या वरघोड्याला, म्हणजे देवाच्या वरातीला, अजून निम्मं शहर रस्त्यावर असतं. उत्तरायणला आमच्या गच्चीवर तिळगूळही असतो आणि उंधियूही, आणि माझा मुलगा पतंग कापला की 'काप्यो छे' असं गुजरातीत ओरडतो व मांजा धरायला मला मराठीत बोलावतो. यात कोणाला ऱ्हास दिसत असेल तर त्यांनी १४ जानेवारीला यावं, पतंग देऊ. फिरकी मात्र धरावी लागेल.

पुढच्या वेळी असा लेख छापताना इथल्या पंचविशीतल्या दोन-चार मुलांना फोन करावा. पत्ते मी देते. आणि तिकडच्या मुलांनाही त्यांच्या आईवडिलांना बाजूला बसवून विचारावं.

आता पुरवणीचं. रविवारचा अंक रविवारी येतो, पुरवणी सोमवारी, आणि कधीकधी येतच नाही. पेपरवाला म्हणतो पार्सल मुंबईहूनच अर्धं येतं, आपलं कार्यालय म्हणतं पेपरवाल्याला विचारा. बिल मात्र पूर्ण येतं. शब्दकोड्याचं उत्तर मंगळवारपर्यंत पाठवा, असं तुम्ही छापता. सोमवारी दुपारी कोडं हातात पडलेल्या माणसाने ते पाठवायचं कसं? बडोद्याच्या वाचकांसाठी मुदत शुक्रवारपर्यंत करावी, किंवा आम्ही बक्षिसाची अपेक्षा ठेवू नये असं तरी खाली स्पष्ट लिहावं.

कळावे.

आपली जुनी वाचक,
रावपुरा, वडोदरा

(नाव छापू नये. यंदाच्या कोजागिरीला त्याच गच्चीवर जायचं आहे.)